कपडेपटाचें छायाचित्र

नाट्यशास्त्रानें अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पैकीं पहिल्या दोहोंवर व शेवटच्यावर आमच्या टीकाकारांनीं पुष्कळ कागद खर्च केला आहे. आहार्याच्या, म्हणजे वेषभूषा-रंगभूषेच्या, वांट्यास मात्र परीक्षणाच्या अखेरीस एखादें वाक्य येतें, आणि तेंही बहुधा 'पोषाख समयोचित होते' एवढेंच. ते कोणीं बेतले, कोणीं शिवले, कोणत्या कापडाचे केले, हें विचारण्याची आमच्याकडे चालच नाहीं. या अनास्थेचें एक फळ असें कीं, हातानें वेष तयार करणाऱ्या कारागिरावर आपलें काम परक्या माणसापुढें मांडण्याची पाळी येते, तेव्हां तें कसें मांडावें याविषयीं त्याला आमच्या लिखाणांत कांहींच आधार सांपडत नाहीं. तो आपल्या समजुतीप्रमाणें छायाचित्रें काढवितो आणि तीं वहींत किंवा, हल्लींच्या रिवाजाप्रमाणें, फोनच्या पडद्यावर गोळा करून ठेवतो. धंद्यांत यास 'पोर्टफोलिओ' म्हणतात. आपण त्यास कामाचा चित्रसंग्रह म्हणूं. असे संग्रह प्रस्तुत लेखकानें बरेच पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांविषयीं त्याची तक्रार एकच आहे. त्यांत माणसें उत्तम दिसतात. कपडे दिसत नाहींत.

ही तक्रार केवळ रसिकाची आहे असें वाचकांनीं समजूं नये. तिच्यांत पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला आहे. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे तिवसा तालुक्यांत गुरुकुंज मोझरी लागतें. अशा गांवीं राहून शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं, दंडारीसाठीं किंवा गणेशोत्सवांतल्या नाटकासाठीं वेष शिवणाऱ्या एखाद्या बाईचें काम तालुक्याबाहेर कळावें कसें? तिनें शिवलेला अंगरखा ज्यानें मागितला तो घेऊन जातो. तो चार प्रयोग चालतो, मग ट्रंकेंत पडतो, उसना जातो, उसवतो, आणि पांचव्या वर्षीं त्याचीं फडकीं होतात. मुंबईच्या किंवा पुण्याच्या नाट्यसंस्थेपुढें ठेवावयास तिच्यापाशीं जें उरतें, तें छायाचित्र. चित्रकाराचें चित्र भिंतीवर राहतें आणि लेखकाचें पुस्तक कपाटांत राहतें. वेषकाराच्या हातीं मात्र कांहींच राहत नाहीं. म्हणून त्याचें छायाचित्र खरें बोललें पाहिजे, अशी आमची अपेक्षा आहे. तें सुंदर असलें तर उत्तमच. परंतु तें कामाची साक्ष देत नसेल तर त्याच्या सौंदर्याचा लाभ छायाचित्रकाराला होतो, शिवणाऱ्या बाईला होत नाहीं.

आमच्या रंगभूमीचा या बाबतींतला इतिहास मोठा बोधप्रद आहे. बालगंधर्वांचीं छायाचित्रें मराठी घरांत ठाऊक नाहींत असें घर पूर्वीं क्वचितच असेल. 1911 च्या 'मानापमाना'तील भामिनी, 1916 च्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 1919 च्या 'एकच प्याल्या'तील सिंधु या भूमिकांतील त्यांचीं रूपें लोकांनीं जपून ठेवलीं. त्यांच्या लुगडें नेसण्याच्या व केशरचनेच्या तऱ्हांचें अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनीं केलें. गंधर्व नाटक मंडळीचा कपडेपट किती मोलाचा होता याच्या कथा अद्यापि सांगितल्या जातात. परंतु तींच छायाचित्रें आज वेषकाराच्या दृष्टीनें हातीं घ्यावीं आणि प्रश्न विचारावे: शालू कोणत्या रंगाचा? कांठाची रुंदी किती? चोळीची बाही कोठें जोडली आहे? पाठीमागें कांसोटा कसा खोंवला आहे? एकाहि प्रश्नाचें पुरतें उत्तर मिळत नाहीं. मुद्रा मात्र लक्षांत राहते. ते डोळे, ती किंचित् कललेली मान. छायाचित्रकारानें नटाकडे पाहिलें, आणि ग्राहकाला नटच हवा होता. यांत त्याचा दोष काय? पण कपडेपट सांभाळणारांचीं आणि शिंप्यांचीं नांवें त्या चित्रांखालीं कोणीं छापलीं नाहींत, हेंहि तितकेंच खरें आहे.

रंगाविषयीं तर त्या काळचीं चित्रें चक्क फसवितात. जुन्या कांचेच्या प्लेटांना निळ्या प्रकाशाचें ज्ञान फार आणि तांबड्याचें जवळ जवळ नाहीं. त्यामुळें आकाशी रंगाचें वस्त्र चित्रांत पांढुरकें उमटे आणि कुंकवासारखें लाल वस्त्र काळें पडे. पिवळ्या जरीचेंहि तेंच. जेथें उजेड चमकला तेथें ती रुप्यासारखी, बाकी ठिकाणीं मळकट. पुढें हिरवा रंग ओळखणाऱ्या प्लेटा निघाल्या, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सर्व रंग ओळखणाऱ्याहि बाजारांत आल्या. पण त्यांचा प्रसार व्हावयास बराच काळ लोटला. तेव्हां जुन्या चित्रांतील काळा शालू खरोखर काळा होता, लाल होता, कीं गर्द हिरवा होता, हें केवळ त्या चित्रावरून ठरवूं जाणें धोक्याचें. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत गोपाळराव देऊसकरांनीं रंगविलेलीं बालगंधर्वांचीं दोन भव्य तैलचित्रें आहेत, एक पुरुषवेषांतील आणि एक स्त्रीवेषांतील. त्यांत रंग आहे. पण तो चित्रकाराच्या निवडीचा रंग. 2011 सालीं 'बालगंधर्व' हा चित्रपट निघाला तेव्हां नीता लुल्ला यांच्यावर ते वेष पुन्हां उभे करण्याची कामगिरी आली. काळ्या-पांढऱ्या चित्रांतून हिरवा आणि जांभळा वाचून काढण्याचें हें काम किती अवघड, हें ज्यानें एकदां तरी जुन्या चित्रावरून वस्त्र करून पाहिलें आहे तोच जाणे. प्रत्येक चित्राच्या मागें चार शब्द, 'शालू हिरवा, कांठ लाल', एवढे जरी कोणीं लिहून ठेवले असते तरी पुढच्यांची केवढी सोय झाली असती!

याच्या अगदीं उलट प्रकारचें एक उदाहरण एकोणिसाव्या शतकांतील आहे. 1866 सालीं फोर्ब्स वॉटसन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील कापडाचे नमुने अठरा खंडांत बांधून काढले. प्रत्येक संचांत सातशें नमुने, आणि ते चित्रांतले नव्हेत, खऱ्या कापडाचे कापलेले तुकडे! असे वीस संच झाले. पैकीं तेरा विलायतेंत आणि सात या देशांत ठेवण्यांत आले. सोबतच्या ग्रंथांत तें कापड कोण कसें वापरतो याची माहिती दिली होती. त्यानंतर 1868 पासून 1875 पर्यंत सरकारनें येथील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. एका कामांत माणसावांचून कापड, दुसऱ्यांत कापडाकडे फारसें लक्ष न देतां माणूस! या दोहोंपैकीं वेषकाराच्या उपयोगी कोणतें, असें कोणीं विचारल्यास आम्ही बेधडक वॉटसनचे तुकडे दाखवूं. कापडाचा पोत बोटाला कळतो तसा डोळ्याला कळत नाहीं. म्हणून आजच्या चित्रसंग्रहांतहि प्रत्येक वेषाच्या चित्राशेजारीं त्या कापडाची दोन बोटें रुंद चिंधी टांचलेली असावी, असें आमचें मत आहे. पडद्यावरच्या संग्रहांत हें शक्य नाहीं. पण समोरासमोर भेटीची वेळ आलीच तर ती चिंधी दहा चित्रांचें काम करते.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो पोकळ नाहीं. वॉटसननें ते संच कलेच्या प्रेमानें केले नव्हते. विलायती गिरणीवाल्यांना या देशांतील गिऱ्हाइकाची आवड कळावी आणि तसा माल त्यांनीं काढावा, हा त्यांतला उघड हेतु होता. वऱ्हाडचा कापूस गांठी बांधून बाहेर जाई आणि कापड होऊन परत येई, त्याच काळांतली ही गोष्ट. म्हणजे तपशील जितका प्रामाणिक तितकी नक्कल सोपी! आजहि घरीं बसून वेष करणारी कारागीर विचारते कीं, आंतली शिवण, अस्तर, बंद हें सारें मीं चित्रांत उघडें केलें तर उद्यां शहरांतला दुकानदार तेंच यंत्रावर उठवून माझ्या निम्म्या किंमतींत विकणार नाहीं कशावरून? या भीतीपोटींच पुष्कळ जणी दुरूनच चित्र काढतात. आमच्या मतें येथें एक भेद केला पाहिजे. बेतणी, म्हणजे कापड कोणत्या आकारांत व मापांत कापलें, ती कारागिराची खासगी मत्ता. ती दाखवूं नये. परंतु टांका किती बारीक आहे, अस्तर कसें बसविलें आहे, गुंडी व फांस कसे केले आहेत, जरीचा कांठ वळणावर कसा दुमडला आहे, हें दाखविल्यानें फारसें कांहीं चोरीस जात नाहीं. हाताची सफाई पाहून घेतां येत नाहीं. ती अंगीं असावी लागते. पाहणाराला मात्र तिच्यावरूनच कारागिराची परीक्षा होते. बाराबंदीचे बंद आंतून कसे टांकले आहेत हें दाखविणारें एक जवळचें चित्र मिशीला पीळ देणाऱ्या मावळ्याच्या दहा चित्रांहून अधिक कामाचें.

शिवलेल्या वस्त्राची गोष्ट अशी. नेसावयाच्या वस्त्राची निराळी. नऊवारी लुगडें घडी करून ठेवलें तर तें नुसतें कापड. वेष होतो तो निऱ्या घातल्यावर, ओचा सारखा केल्यावर, कांसोटा खोंवल्यावर. तो लांकडी पुतळ्यावर होत नाहीं, कारण बहुतेक पुतळ्यांना नीट पायच नसतात, आणि असले तरी ते वांकत नाहींत. फेट्याचेंहि तसेंच. येथें कारागिरी शिवणींत नसून बांधण्यांत व नेसविण्यांत आहे, म्हणून एका चित्रानें भागत नाहीं. समोरून, पाठीमागून, बाजूनें, आणि चालतांना किंवा बसतांना एक, अशीं तीन-चार चित्रें लागतात. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं 1951 सालीं भारतीय वेषभूषेवर इंग्रजींत मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांत चित्रांचा भरणाहि भरपूर केला. समाजशास्त्राच्या पंडितानें पोषाखाच्या अभ्यासाला असें मानाचें पान मांडावें ही आम्हां मराठी वाचकांना अभिमानाची गोष्ट आहे. आमच्या वेषकारांनीं तो चाळावा. परंतु चाळतांना हेंहि लक्षांत घ्यावें कीं पंडिताला वेष ओळखण्यापुरता हवा असतो, वेषकाराला तो पुन्हां करण्यापुरता.

आतां मोझरीकडे वळूं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं 1935 सालीं येथें आश्रम स्थापिला. दुसऱ्या वर्षीं ते सेवाग्रामास गांधीजींच्या सहवासांत राहून आले. 1968 सालीं त्यांचें निर्वाण झालें, तेव्हांपासून पुण्यतिथीच्या उत्सवास हजारों लोक येथें जमतात. पांढरे कपडे, डोक्याला भगवी टोपी, हातांत खंजिरी. त्यांच्या चरित्रावर कोणी नाट्यप्रयोग बसवूं म्हटल्यास वेषकाराला वाटेल, यांत करावयाचें काय आहे? सदरा, धोतर, टोपी. आम्हांस वाटतें कीं चित्रसंग्रहाची खरी कसोटी याच वेषावर लागते. पैठणीला जर तारते, राजाच्या झग्याला रंग तारतो. हातानें कांतलेल्या सुताच्या पांढऱ्या सदऱ्याला तारणारें कांहीं नाहीं. त्याच्यापाशीं आहे ती सुताची जाडीभरडी वीण, धुऊन धुऊन आलेला मऊपणा आणि खांद्यावरची एक शिवण. समोरून झोत टाकून चित्र काढलें कीं हें सारें पुसलें जातें आणि गिरणीचें कापड व खादी एकच दिसूं लागतात. तोच सदरा सकाळीं खिडकीशेजारीं धरावा, उजेड एका बाजूनें, कापडाला घासून जाईल असा येऊं द्यावा. प्रत्येक जाड सुताची बारीक सावली पडते आणि वीण दिसूं लागते. याला पैसा लागत नाहीं, दिवा लागत नाहीं. वेळ पाहावी लागते. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत ती वेळ नऊ वाजतांच संपते, हें तेथल्या माणसाला सांगण्याची गरज नाहीं!

भगव्या टोपीची अडचण दुसरी. आजचे कॅमेरे व फोन रंग आपल्या मर्जीनें सुधारून घेतात. भगवा कधीं नारिंगी होतो, कधीं विटकरी. चित्राच्या कडेला शुभ्र कागदाचा एक कपटा ठेवून पहिलें चित्र काढावें, म्हणजे मागाहून रंग जुळवितांना तो कागद पांढरा दिसेपर्यंत दुरुस्ती करतां येते. ही युक्ति जुनी आहे, पण आमच्याकडच्या संग्रहांत ती क्वचितच वापरलेली दिसते.

साध्या पांढऱ्या वस्त्रानें काय सिद्ध होऊं शकतें याचें सर्वांत थोर उदाहरण कोल्हापूरच्या भानु अथैया यांचें. 1929 साली जन्मलेल्या या बाई चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, स्त्रियांच्या नियतकालिकांसाठीं पोषाखांचीं चित्रें काढूं लागल्या आणि 1956 च्या 'सी. आय. डी.' पासून चित्रपटांत स्थिरावल्या. 'आम्रपाली'तील त्यांचे वेष अनेकांना आठवत असतील. परंतु जगानें त्यांना मान दिला तो 'गांधी' या 1982 च्या चित्रपटासाठीं. 1983 सालीं जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर मिळालें, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटांत वेष हेंच अर्धें चरित्र होतें. 1893 सालचा विलायती सुटांतला बॅरिस्टर, 1915 सालीं काठेवाडी पोषाखांत परतलेला, आणि 1921 च्या सप्टेंबरांत मदुरेस पंचा स्वीकारलेला. माणूस एकच, आणि पोषाख दर वेळीं एकेक वस्तु टाकीत गेलेला. नवें करकरीत कापड तेथें चाललेंच नसतें. तें वापरलेलें दिसावें लागतें. ज्याला असें काम मिळवावयाचें आहे त्यानें आपल्या चित्रसंग्रहांत जरीचे दहा झगे ठेवण्यापेक्षां जुना केलेला एक पंचा ठेवावा, तो जुना करण्यापूर्वींच्या चित्रासह.

अथैयाबाईंचें वेषकलेवरील इंग्रजी पुस्तक 2010 सालीं निघालें. त्यांचें काम पाहतांना आम्हांस विशेष जाणवतो तो रेखाटनाचा हात. रेखाटन म्हणजे वेषकाराचा मनोदय; छायाचित्र म्हणजे तडीस गेलेलें काम. दोन्ही एका पानावर समोरासमोर असलीं कीं पाहणाराला एका दृष्टिक्षेपांत कळतें कीं मनांतलें किती उतरलें, कोठें कापडानें हट्ट धरला, कोठें वेळेनें. ज्यांना रेखाटतां येत नाहीं त्यांनीं लाजूं नये. चार रेघांचा कच्चा आराखडाहि चालतो. मात्र दुसऱ्याकडून सुबक रेखाटन करवून घेऊन तें आपलें म्हणून लावूं नये. याच ओघांत एक अप्रिय गोष्ट सांगतों. चित्रसंग्रहांत 'हा वेष माझा' असें जेव्हां लिहिलेलें असतें तेव्हां त्याचा अर्थ काय? कल्पना माझी, कापड निवडलें मीं, बेतलें मीं, कीं शिवलें मीं? मोठ्या वेषभूषाकारांच्या हाताखालीं शिंपी असतात, जरदोजी काम करणारे असतात, रंगारी असतात. पडद्यावरच्या नामावळींत त्यांपैकीं थोडेच येतात. पूर्वींच्या नाटकमंडळ्यांनीं कपडेपटवाल्यांचीं नांवें गाळलीं म्हणून आपण हळहळतों. आपल्या चित्रसंग्रहांत आपण तेंच करूं लागलों तर त्यास काय म्हणावें? एका ओळीचें काम आहे: बेत अमुकाचा, शिवण अमुकाची, काशिदा अमुकाचा.

हल्लींच्या संग्रहांतले बाकीचे दोष फार विस्तारानें सांगण्याजोगे नाहींत. पाठीमागें धबधबा, किल्ला किंवा फुलांचा ताटवा. कपड्याच्या कडा त्यांत हरवतात. चेहरा गुळगुळीत करणारी यांत्रिक करामत, जी चेहऱ्याबरोबर सुताचीहि वीण पुसते. एकाच वेषाचीं वीस चित्रें. आणि साठ-सत्तर पानांचा पसारा, ज्यांतलीं पहिलीं आठ पानें पाहून निर्माता घड्याळाकडे पाहूं लागतो. दहा-बारा वेष, प्रत्येकाचीं तीन-चार चित्रें, मागें मळखाऊ रंगाचा साधा पडदा किंवा सारवलेली भिंत. याहून अधिक लागत नाहीं. वऱ्हाडांतल्या मातीच्या भिंतीइतका चांगला पडदा शहरांतल्या दुकानांत विकत मिळत नाहीं, असें आमचें प्रामाणिक मत आहे. ती ना चमकते, ना रंग फेंकते.

कोणी म्हणतील कीं, असा संग्रह म्हणजे वस्तुसंग्रहालयाची यादी झाली. वेषाचा प्राण नटाच्या अंगावर आहे, खुंटीवर नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. म्हणून प्रत्येक वेषाचें एक चित्र प्रयोगांतलें, दिव्यांच्या उजेडांतलें, हवेंच. त्यांत चेहरा दिसो, घाम दिसो, हात उगारतांना बगलेंतली शिवण ताणलेली दिसो. रंगमंचावरील दिव्यांत पांढरा सदरा पिवळा पडतो आणि निळा शेला काळवंडतो, हेंहि त्या चित्रांत कळतें, आणि निर्मात्याला तें कळणें अवश्य आहे. आमचा वाद इतकाच कीं, चारांतलें एक चित्र नटाचें असावें, आणि आज चारहि त्याचींच असतात.

आणखी एक चित्र आम्हांस आजवर कोणाच्याहि संग्रहांत आढळलें नाहीं, तें पन्नासाव्या प्रयोगानंतरच्या वेषाचें. गळपट्टीवर रंगाचे व घामाचे डाग, खालचा घेर मंचावर घासून विरलेला, एक बंद नवा लावलेला, आणि तरी खांद्याची व बगलेची शिवण जागच्या जागीं. शिवणाऱ्या बाईंना असें चित्र लावण्याचा संकोच वाटतो. मळका कपडा गिऱ्हाइकाला दाखवावा कसा? पण दौऱ्यावर निघालेल्या नाटकाच्या व्यवस्थापकाला विचारा, तो तेंच चित्र पहिलें मागेल.